सतरा नंबरचा सवाल

१४ जून, शनिवार. बीड

प्रत्येक काट्याची एक वही असते. कोणत्या तारखेला तपासला, किती सरकला होता, किती दुरुस्त केला. मी जिल्हाभर फिरून सोनारांचे, खतवाल्यांचे, बाजार समित्यांचे काटे तपासते आणि माणसांपेक्षा वहीवर जास्त विश्वास ठेवते. आज स्वतःची वही उघडली, कारण आज मी सरकले.

निजामाच्या हैदराबाद सरकारची पाच रुपयांची नोट ऑनलाइन लिलावात घेतली. तिच्यावर रक्कम वेगवेगळ्या लिप्यांत लिहिली आहे, त्यातली एक मराठी. मर्यादा अठरा हजार ठरवली होती, कागदावर लिहून समोर ठेवली होती. नोट चोवीसला मिळाली. शेवटच्या तीन बोली लावल्या तेव्हा कागद समोरच होता.

आनंद झाला का याची नोंद करायची तर: साधारण अर्धा तास.

२३ जून, सोमवार

नोट आली. लांबी-रुंदी मोजली, उजेडात धरली, घड्या भिंगातून पाहिल्या. डिंक नाही, ठिगळ नाही, कापलेली कड नाही. वर्णनात लिहिली होती तशीच आहे.

हीच अडचण आहे. दोष असता तर परत करता आली असती.

या पैशांत प्रमाण वजनांचा नवा संच घ्यायची सुरुवात झाली असती. माझे वीस ग्रॅमचे वजन पडून खराब झाले आहे, ते मी दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याकडून उसने आणते. परवा नानांना, म्हणजे वडिलांना, फोनवर म्हणाले की नवी वजने घ्यायची राहिली. का राहिली ते सांगितले नाही.

नोट कपाटातून काढते, पाहते, परत ठेवते. आज चार वेळा.

२९ जून, रविवार

संग्रह कमी करायचा ठरवला. वाईट अवस्थेतले नाणे शेजारच्या चांगल्या नाण्यांनाही खाली ओढते. कोष्टक केले, अकरा नाणी बाहेर काढली.

क्रमांक नऊ: चारमिनार छापाचा हाली रुपया, म्हणजे निजामाच्या राज्यातला. वजन १०.९८ ग्रॅम, असायला हवे ११.१८ च्या आसपास. खूप घासलेला. वरच्या कडेला कडी काढल्याची वेडीवाकडी खूण. आईचा आहे. ती दर लक्ष्मीपूजनाला त्याला चिंच आणि राख लावून घासायची. बारावीत असताना मी तिला सांगितले होते की घासलेल्या नाण्याची किंमत निम्मी होते.

“मंग निम्मीच ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली होती. “चमकायला तर पायजे.”

आईला जाऊन तीन वर्षे झाली. गेल्या दिवाळीनंतर हा रुपया नानांकडून मीच आणला, जपून ठेवते म्हणून.

कोष्टकात ‘कुणाचा’ असा रकाना नाही. असता तर अकराही निर्णय चुकले असते.

१ जुलै, मंगळवार

नाणी पुण्याच्या लिलाव संस्थेला पाठवली. संध्याकाळी पाटोद्याला नानांना फोन केला. नाना एकतीस वर्षे तिथल्या मोंढ्यात मापाडी होते, धान्य मोजायचे. आता तिथे इलेक्ट्रॉनिक काटा आहे. तो मीच बसवून दिला. मोजायची सवय मात्र त्यांची गेलेली नाही. भाकरी मोजतानाही मापाड्यासारखे पहिलीला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन.

“आईचा रुपया हर्राशीला पाठवला,” मी सांगितले. घरी आम्ही लिलावाला हर्राशीच म्हणतो.

“कोन्ता? कडीचा?”

“हां.”

थोडा वेळ त्यांच्याकडची टीव्हीवरची बातमी ऐकू आली.

“बरं,” नाना म्हणाले. मग, “जेवलीस का?”

त्यांना विशेष काही वाटलेले दिसले नाही. मला वाटले होते त्यापेक्षा सोपे गेले.

९ सप्टेंबर, मंगळवार

यादी ऑनलाइन आली. लॉट ४१२, आरंभीची किंमत बाराशे. घासलेला, कडीची खूण. मी लिहिले असते तेच.

फोटो खूप मोठा करता येतो. कडीच्या खुणेच्या खळग्यात तांबूस काहीतरी आहे. माझ्याकडे होता तेव्हा दिसले नव्हते. गंज नाही, चांदीवर असा गंज चढत नाही. कुंकू असावे.

ते पान आज सहा वेळा उघडले. कारण लिहिता येत नाही.

संध्याकाळी नानांचा फोन. ते स्वतःहून क्वचितच करतात.

“त्ये हर्राशी कदी हाय?”

“चार ऑक्टोबरला. शनिवारी.”

“तितं जावं लागतं?”

“न्हाई नाना, मोबाईलवर असते.”

“मंग सवाल कोन बी बोलू शकतं?” बोलीला ते सवाल म्हणतात.

“पॅन, आधार देऊन नाव नोंदवावं लागतं. मग एक नंबर मिळतो. बाकीच्यांना फक्त तो नंबर दिसतो.”

“तोंड न्हाई दिसत?”

“न्हाई.”

“आन तुला पैसा कदी भेटतो?”

“महिनाभरात. त्यांचं कमिशन कापून.”

“मंग ठीक हाय.”

या वयात त्यांना नव्या गोष्टींचे कुतूहल आहे, हे चांगले लक्षण. मी सगळे नीट समजावून सांगितले.

१७ सप्टेंबर, बुधवार. पाटोदा

मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. पाटोद्याला गेले. नाना घरी नव्हते, चौकात पप्पूच्या मोबाईलच्या दुकानात गेले होते. साखराआत्या, नानांची बहीण, ओसरीत शेंगा निवडत बसली होती.

“आरू, लक्ष्मीच्या डब्यातला कडीचा रुपया कुटं गेला गं?”

“विकायला दिला.”

तिने सूप खाली ठेवले. “आगं बया. त्यो एकदा इकून झालाय की.”

मला काही कळले नाही. मग तिने सांगितले ते असे. मी चार वर्षांची असताना माझ्या छातीत कफ झाला. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात अकरा दिवस होते. आई गळ्यात काळ्या दोऱ्यात हा रुपया घालायची, तो तिने गावच्या मारुतीला नवस बोलला. मी घरी आल्यावर कडी तोडून देवापुढे ठेवून आली.

“मंग जत्रंला देवापुडच्या समद्या वस्तूंची हर्राशी. नारळ, टोप्या, यक कोंबडा. पुकारणारानं रुपया वर धरला आन बिभीषण, तुजा नाना, बोलला, सव्वा रुपया. बास. समदा गाव गप.”

“का?”

“कावून म्हंजे? ज्याच्या घरची वस्तू, त्याच्या घरचं मानूस बोललं की बाकीच्यांनी तोंड मिटायचं आसतं. यक पोरगं नवं नवं व्हतं, त्ये बोलाया उटलं, तर त्याच्या बापानं सदऱ्याला धरून खाली बसविलं.”

म्हणजे कडी सोनाराने काढलेली नाही. खूण इतकी ओबडधोबड का, हे कोडे मला कधी सुटले नव्हते. अडकित्त्याने तोडली असणार.

नाना आले. हातात मोबाईल, देवाचा अंगारा धरावा तसा.

“पप्पूकडं काय काम होतं?”

“आधार जोडायचं व्हतं कशाला तरी. त्ये ओटीपी कुनाला सांगू न्हाई म्हंतेत ना?”

“अजिबात न्हाई.”

“पप्पूला?”

“पप्पूलापण न्हाई.”

“सांगितला की,” नाना म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

संस्थेला फोन केला. यादी निघाल्यावर वस्तू मागे घेता येत नाही, कलम अकरा. मी स्वतः बोली लावू का? नाही, विक्रेत्याने, किंवा त्याच्या वतीने कुणीही, स्वतःच्या वस्तूवर बोली लावायची नाही, कलम चौदा.

दोन्ही कलमे योग्य आहेत. मी लिहिली असती तर अशीच लिहिली असती. दोन्हींवर माझी सही आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. नेकनूर

पाऊस थांबत नाही. दोन ठिकाणी रस्त्यावर पाणी. तरी नेकनूरला सोमेश्वर सोनारांचा काटा तपासायला गेले. तेही नाणी जमवतात. वितळायला आलेल्या जुन्या रुपयांतले बरे मला दाखवल्याशिवाय मुशीत टाकत नाहीत.

काट्याचे शून्य स्थिर होईना. पंखा बंद केला, काचेचे दार लावले, पातळी पाहिली. शेवटचा आकडा हलतच राहिला. मग कळले की टेबलाला माझा गुडघा टेकला होता आणि गुडघा हलत होता.

“सोमेश्वरभाऊ, तुमच्या नंबरवरून मला एक बोली लावायची आहे. चारशे बारावर.”

त्यांनी मोबाईलवर पाहिले. “ताई, ह्यो घासून पार सपाट झालाय. ह्याच्यापरीस चांगले धा डब्यातून काडून देतो.”

“हाच पाहिजे.”

“माल कुनाचा हाय?”

उत्तर द्यायला मी जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात त्यांना उत्तर मिळाले.

“आरं देवा. सोताच इकायचं, सोताच घ्यायचं. मंग पुन्याला कशाला धाडला? ह्या खिशातून त्या खिशात टाकायचा.” पण हो म्हणाले. त्यांचा नंबर सतरा.

नियम मोडते आहे, हे मला माहीत आहे. लिहून ठेवते. मर्यादा पंचेचाळीस हजार, म्हणजे वजनांसाठी बाजूला ठेवलेले सगळे. बाराशेच्या नाण्याला ती लागणार नाही. दोन-तीन हजारांत होईल.

४ ऑक्टोबर, शनिवार. नेकनूर

दुपारी पावणेचारला ४१२ पुकारला गेला.

तिसरा एक होता, ८८ नंबरचा. तो पंधराशेवर गळला. मग राहिला २०३.

मी बोली लावायची आणि लगेच २०३. विचार करायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात. पाच हजार. नऊ. पंधरा. सोमेश्वरभाऊंनी गिऱ्हाइकाच्या हातातले पैंजण काढून घेऊन बाजूला ठेवले आणि म्हणाले, “मावशी, जरा दम धरा.”

“कोन हाय ह्यो बाबा?” ते मला म्हणाले. “ह्याला काय सोनं दिसलं का त्यात?”

वीस हजारांना पुकारणारा माणूस थांबला आणि पाणी प्यायला. तिसापुढे मावशीही वाकून पाहू लागल्या, कळत काही नसताना.

“ताई, बास करा.”

“चव्वेचाळीसला आपण नाही ना? पंचेचाळीस लावा.”

पंचेचाळीस. २०३ने सेहेचाळीस म्हटले.

कागद समोर होता. जूनमध्ये कागद समोर असून मी पुढे गेले होते. आज थांबले. पुकारणाऱ्याने तीनदा विचारले, तेवढा वेळ मी कागदाकडे पाहत होते. जूनमध्ये थांबायला हवे होते आणि आज नको होते. मर्यादा दोन्ही वेळा बरोबर लिहिली होती, पाळायची कधी ते मात्र चुकले.

“यक सांगू का ताई?” सोमेश्वरभाऊ म्हणाले. “घेनारी म्हनून हरलाव, पन इकनारी म्हनून तुमची दिवाळी झाली.”

मावशींनी विचारले, “पोरीचं काय गेलं?” सोमेश्वरभाऊंनी पैंजण परत त्यांच्या हातात दिले.

घरी पोचते तोवर नानांचा फोन. आवाज बसलेला, पण खुशीत.

“तुजा रुपया लई चढला म्हनं!”

“तुमाला कुणी सांगितलं?”

“पप्पूनं मोबाईलवर बगितलं. आता वजनं घे नवी. समदी घे.”

मी हो म्हणाले. आईचा रुपया परक्याच्या घरी गेला आणि ते इतके खूश. फोन ठेवल्यावर मला त्यांचा राग आला. पुष्कळ वेळ टिकला.

६ ऑक्टोबर, सोमवार

नाणी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात दुसरा विषय नाही. ४१२मध्ये काय होते? एकाला फोटोत जास्तीचा ठिपका दिसला आहे. एकाने कडीच्या खुणेला टाकसाळीतली दुर्मिळ चूक म्हटले. सहा जणांनी घरातले हाली रुपये बाहेर काढून फोटो टाकले आणि भाव विचारले.

मी २०३चा विचार करते आहे. नवशिका असणार, सरावलेला माणूस इतक्या घाईने बोली लावत नाही. माझ्यामुळे त्याने सोळाशेच्या वस्तूला सेहेचाळीस हजार कबूल केले, आणि ते पैसे माझ्याकडे येणार. काट्यात फेरफार करून कापूस घेणारे दोन व्यापारी मी पकडून दिले आहेत. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय, ते मांडून पाहिले. मांडता आला नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

संस्थेला लिहून कळवले. ४१२ची विक्रेती मी, सतरा नंबरच्या बोलीही माझ्याच. खरेदीदाराचे नुकसान भरून द्यावे. सोमेश्वरभाऊंनी माझ्या सांगण्यावरून केले.

पाठवण्यापूर्वी एकदाच वाचले. एरवी तीनदा वाचते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

उत्तर आले. सतराच्या सगळ्या बोली रद्द. त्या काढल्या की उरतो ८८चा पंधराशेचा आकडा, म्हणून २०३ला रुपया सोळाशेत. माझे खाते कायमचे बंद. सोमेश्वरभाऊंचे सहा महिने. ते फोनवर म्हणाले, “नंबर गेला माजा. आता वर्सभर काटा फुकट.” मी हो म्हणाले.

संस्थेच्या बाईंचाही फोन येऊन गेला. चिडलेल्या नव्हत्या, चकित होत्या.

“त्या गृहस्थांना आम्ही उरलेले पैसे परत करतोय म्हटलं, तर नको म्हणाले. राहू द्या तिकडंच, म्हणाले. दोनदा समजावून सांगावं लागलं. असा ग्राहक मी पहिल्यांदा पाहिला.”

भोळा माणूस दिसतो. कळवले ते बरे केले.

रुपया गेला. वाक्य लिहून पाहिले. बरोबर आहे, तरी खोडावेसे वाटते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. पाटोदा

लक्ष्मीपूजन. तिसऱ्या प्रहरी घरी पोचले. काटा गाडीत होता. नोट पिशवीत होती. ती विकावी की ठेवावी हे ठरत नाही, म्हणून हल्ली बरोबरच असते.

नाना मोरीजवळ पाटावर बसले होते. वाटीत चिंच भिजवलेली, शेजारी राख. अंगठ्याने काहीतरी घासत होते, मापाड्याचा अंगठा, रुंद. पाणी ओतले तेव्हा कडेची खूण दिसली. वेडीवाकडी. तशी दुसरी असू शकत नाही.

मी पिशवी खाली ठेवली.

“दोनशे तीन,” मी म्हणाले.

नानांनी मान वर केली. “तुला कसं ठाऊक?”

“एक फोन करायचा होता नाना. नको पाठवू म्हणायचं होतं.”

“तू इकाया काडला म्हंजे नड आसंल, म्हनलं. वजनं घ्यायचीत म्हनलीस की तूच. तसे दिले तर घेतीस का तू? न्हाई घेत.” त्यांनी पुन्हा राख घेतली. “मापाडी मंडळाकडनं मिळालेले माजे पैशे बँकेत पडून व्हते. म्हनलं रुपया बी घरी यील आन पैसा बी तुज्याकडंच जाईल. दोनी कामं.”

मी मोरीच्या कडेला बसले.

“पन त्यो यक सतरा नंबर व्हता ना,” नाना म्हणाले, “लई हलकट. सोडंचना. पप्पू म्हनला, नाना बास. म्हनलं, तू बोल बे. आरडून आरडून घसा बसला माजा. शेवटाला दमला त्यो. आन मंग कंपनीनं पैशे वापस धाडले, कायतरी घोळ निगाला म्हनं. मी नगं म्हनलतो. नुकसान तुजं झालं.”

सतरा नंबर कोण ते मी सांगितले. तीन वाक्यांत सांगितले. संस्थेला कळवले तेही सांगितले.

अंगठा थांबला. चिंचेचे पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेले, ते त्यांनी पुसले नाही.

“म्हंजे शेवटाला आपन दोगंच व्हतो?”

“पंधराशेनंतर दोघंच.”

“साखरे!” नानांनी घरात हाक मारली. “आयकलंस का? सतरा नंबर घरातच निगाला!”

आत्या दारात आली, सगळे ऐकून घेतले. “दोगं बी यडे,” ती म्हणाली. “बाप तसा, लेक तशी. ह्ये गावात झालं आसतं तर सव्वा रुपयात भागलं आसतं.”

“तितं तोंड दिसतं,” नाना म्हणाले. हसत होते, पण माझ्याकडे पाहत नव्हते. “मला ठाऊक आसतं तू हायस, तर मी कशाला बोललो आसतो?”

“मीपण,” मी म्हणाले.

ते पुन्हा घासू लागले. प्रत्येक घासण्यात थोडी चांदी जाते, किती जाते ते मला मोजून सांगता येईल. हळू घासा म्हणणार होते. वाटीतली चिंच संपत आली होती. घरात जाऊन चिंचेचे आणखी एक बुटूक आणून भिजवले.

पूजेला ताट मांडले. नानांनी रुपया मधोमध ठेवला आणि सवयीने म्हणाले, “लाभ.” मग थांबले. दुसरे काही मोजायला नव्हते. बाकीची दहा नाणी मी विकली आहेत. मी पिशवीतून नोट काढून प्लास्टिकच्या पाकिटासकट शेजारी ठेवली. नाना वाकले, अक्षरांवर बोट फिरवले. “पाच रुपये. आपल्यातच लिवलंय की.” मग म्हणाले, “दोन.”

आत्याने रुपयाला कुंकू लावले. बोट नोटेकडे आले तेव्हा मी हात आडवा धरला.

“लावू दे की गं.”

“नोटेला न्हाई आत्या.”

तिने तेच बोट पुन्हा रुपयाला पुसले. उरलेले कुंकू कडीच्या खळग्यात बसले. ते एक शतांश ग्रॅमही भरणार नाही. काटा गाडीतच होता. आणायला गेले नाही.